ट्यूटर प्रोग्राम गटाला वापरायला देताय? आधी या चुका टाळा

इंटेलिजंट ट्यूटर म्हणून ओळखले जाणारे बहुतेक प्रोग्राम एका वेळी एकाच विद्यार्थ्याला शिकवण्यासाठी बनवलेले असतात. प्रोग्राम प्रत्येक पायरी तपासतो, अडलं तर सूचना देतो आणि कोणतं कौशल्य कितपत जमलंय याचा अंदाज बांधत राहतो. तोच प्रोग्राम गटापुढे ठेवला की त्याला तीन मुलं दिसत नाहीत, एक माउस आणि एक कीबोर्ड दिसतो. गटकार्यात होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

सगळ्या गटाला एकच लॉगिन

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पासवर्डची कटकट नको, पाच मिनिटं वाचतील, म्हणून एका मुलाच्या नावाने लॉगिन करून तिघांना त्यासमोर बसवलं जातं. आत काय होतं ते आकड्यांतच बघा.

मुलाला कौशल्य कितपत येतं याचा प्रत्येक उत्तरागणिक अंदाज बांधण्यासाठी अनेक ट्यूटर 'नॉलेज ट्रेसिंग' ही पद्धत वापरतात. अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन या संशोधकांनी ती १९९०च्या दशकात मांडली. प्रत्येक कौशल्यासाठी चार शक्यता धरलेल्या असतात: ते आधीपासून येत असण्याची, एका उदाहरणातून शिकण्याची, येत नसताना अंदाजाने बरोबर येण्याची आणि येत असूनही चुकण्याची. समजा, त्या अनुक्रमे ०.३, ०.१, ०.२ आणि ०.१ आहेत. पहिलं उत्तर बरोबर आलं की 'हे कौशल्य येतं' हा अंदाज ०.३ वरून ०.६९ वर जातो. दुसरं बरोबर आलं की ०.९२, तिसऱ्याला ०.९८. प्रभुत्वाची रेषा सहसा ०.९५ला आखलेली असते. म्हणजे लागोपाठ तीन बरोबर उत्तरं आली की प्रोग्रामच्या लेखी विषय संपला.

आता गट बघा. उदाहरण आहे २/३ + १/४. माउस जिच्या हातात आहे तिला ३ आणि ४ चा लसावि १२ हे लगेच सुचतं. ती ८/१२ टाकते, ३/१२ टाकते, मग ११/१२. शेजारच्या मुलीने वहीत ३/७ लिहिलंय, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून. पडद्यावर हिरवी खूण आली की ती आपलं उत्तर खोडते आणि ११/१२ लिहून घेते. तिसऱ्याने काहीच लिहिलेलं नाही. अशी तीन उदाहरणं झाली की कौशल्य बंद, पुढचा धडा उघडा. लॉगिन जर त्या ३/७ वालीच्या नावाचं असेल, तर नुकसान दुप्पट. दुसऱ्या दिवशी ती एकटी बसते तेव्हा प्रोग्राम तिला समच्छेदाचा सराव देतच नाही, कारण त्याच्या हिशेबी तिला ते येतं. ज्या चुकीवर काम व्हायला हवं होतं ती वहीत खोडलेली आणि प्रोग्रामला कधी कळलेलीच नाही.

उपाय सरळ आहे: प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन, आणि शक्य असेल तर प्रत्येकाचं स्वतःचं यंत्र. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'सीटॅट' या ट्यूटर बनवण्याच्या साधनात अशी सोय करता येते: उदाहरण सामाईक, पण पडदा आणि करायची कामं प्रत्येकाची वेगळी. यंत्र एकच असेल तर गटाचं काम नोंद न ठेवणाऱ्या पाहुण्या खात्यावर करा. गटात १५ ते २० मिनिटं, मग लगेच प्रत्येकी दोन उदाहरणं एकट्याने, आपापल्या लॉगिनवर. मोजायची ती हीच दोन. पासवर्डच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी कापून ठेवा, वर्गात वेळ जात नाही.

सूचनेच्या बटणाचा सपाटा

सूचना पायऱ्यांनी येतात. पहिली काय शोधायचंय ते सांगते, दुसरी नियम आठवून देते, शेवटची बहुधा थेट उत्तरच देते. घाईतलं मूल तीनदा बटण दाबून उत्तर काढून घेतं. शिक्षण-संशोधक रायन बेकर यांनी या वागण्याचा बराच अभ्यास केला आहे. एकटं मूल हे करतं तेव्हा नुकसान त्याचं एकट्याचं होतं. गटात एकाने बटण दाबलं की बाकी दोघांचा विचार अर्ध्यावर तुटतो, आणि उत्तर समोर दिसत असल्यावर कोणी वाद घालत नाही.

बटण बंद करू नका, खरंच अडलेल्या गटाला ते हवंच असतं. मात्र एक अट कसोशीने पाळा: प्रत्येकाने वहीत आपलं उत्तर किंवा 'मी इथे अडलो' असं लिहिल्याशिवाय बटणाला हात नाही. तिघांची उत्तरं वेगळी आली तर आधी ती एकमेकांना समजावायची. शेवटची सूचना वापरलीच, तर तसंच दुसरं उदाहरण माउस दुसऱ्याच्या हातात देऊन सोडवायचं. यात वेळ जातो. जाऊ द्या, शिकणं होतं ते त्याच वेळात.

शांततेचा चुकीचा अर्थ

काही वेळ काही टाइप झालं नाही की अनेक प्रोग्राम मूल अडलंय असं समजून आपणहून सूचना दाखवतात. गटात नेमकी तेव्हाच चर्चा रंगलेली असते. 'छेद १२ का, ७ का नाही?' हा वाद चालू असताना पडद्यावर उत्तराकडे नेणारी चौकट उघडते आणि वाद तिथेच मरतो. गटाच्या तासाला आपोआप येणाऱ्या सूचना बंद ठेवा. ती सोय नसेल तर प्रतीक्षेची मर्यादा किमान तीन मिनिटांवर न्या. आणि त्या दिवशीच्या 'प्रति पायरी लागलेला वेळ' या अहवालावरून कोणालाही मंद ठरवू नका.

बाकीच्या, थोडक्यात

पाच-सहा जणांचा गट एका पडद्याभोवती बसवू नका. दोन उत्तम, तीन चालतात.

सगळ्यांना सगळी माहिती दिली की एकच जण सोडवतो. माहिती वाटून द्या, म्हणजे बोलल्याशिवाय उदाहरण सुटणारच नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांच्या १९७१च्या 'जिगसॉ' पद्धतीचा गाभा हाच आहे.

भूमिका ठरवून द्या: सोडवणारा, कारण विचारणारा, तपासणारा. त्या दर उदाहरणाला फिरवा. पण प्रत्येक वाक्य कोणी कधी बोलायचं हेही आखून दिलंत, तर मुलं गणित सोडून नियम पाळत बसतात. शिक्षण-संशोधक पिएर डिलेनबूर्ग यांनी २००२ मध्येच या अतिरेकाबद्दल बजावलं होतं.

मुलं प्रोग्राममधल्या चॅटवर बोलत असतील तर संदेशांची संख्या मोजून गुण देऊ नका. 'हो', 'ओके', 'बरोबर' यांचा पाऊस पडतो.

सगळा तास गटातच घालवू नका. नियम घोटवायचा असेल तर एकट्याने, 'असं का' हे शोधायचं असेल तर जोडीने.

आणि डॅशबोर्ड, म्हणजे सगळ्यांची प्रगती दाखवणारा शिक्षकाचा पडदा, बघत टेबलापाशी बसू नका. हिरव्या खुणा भराभर येणाऱ्या गटापाशी आधी जा आणि ज्याच्या हातात माउस नाही त्याला विचारा, '१२ कुठून आला?'