बारकी कामं दुसऱ्याला द्यायची कशी (आणि आमची चटणी खारट का झाली)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग, कामाला दोन पोरं आणि तिसरा मी. सोमवारी शॉप बंद असतंय. तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझा सोमवार कसा जायचा तर सकाळी गिरणीत दळण, तिथनं लाइट बिल, मग आईच्या बीपीच्या गोळ्या, मग लक्ष्मीपुरीत काहीतरी सामान, जेवायला तीन वाजायचे आणि संध्याकाळी बायको विचारायची, "सुट्टी होती न्हवं तुम्हाला, कुठं होता दिवसभर?" खरं सांगायचं तर मलाच सांगता यायचं नाही कुठं होतो ते.

तर अशी बारकी बारकी कामं आपल्या डोक्यावरनं उतरवायची कशी, ते मी केलं तसं सांगतो. चुकलो कुठं तेही सांगतो, कारण ते जास्त उपयोगाचं आहे.

सुरुवातीला कुणालाच काही काम देऊ नका, फक्त लिहा. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्यावर दुधाचा हिशोब असतोय, त्याच चौकोनात मी पेन्सिलीनं एक आठवडा लिहीत गेलो, काय केलं आणि किती मिनिटं गेली. आठवड्याला अकरा तास निघाले. अकरा! आणि गंमत म्हणजे काम असं त्यात थोडंच होतं, बाकी सगळं जाणं-येणं, महाद्वार रोडला गाडी लावायला जागा शोधणं, आणि "साहेब जेवायला गेलेत, अर्ध्या तासानं या". यादी झाली की निम्मी कामं बघूनच कळतंय की ही करायचीच कशाला. मी टोमॅटो पाच रुपयांनी स्वस्त मिळतोय म्हणून राजारामपुरीतनं कपिलतीर्थला जात होतो, पेट्रोल घालून. ते काम कुणाला द्यायचं नाही, सरळ बंद करायचं.

मग तासाचा भाव काढा. आमच्या धंद्यात हे सोपं आहे, मशीनला तासाचा रेट असतोच, पण माणसाचा कुणी काढत नाही. माझा ढोबळ हिशोब असा, महिन्याला तीस हजार हातात राहतात आणि दोनशे तास काम होतंय, म्हणजे तासाला दीडशे. आता एखादं काम मी करण्यापेक्षा दुसऱ्याकडनं दीडशेच्या आत होत असेल तर द्यायला हरकत नाही. हे मी मोठ्या ऐटीत बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्याच तासाला भाव आहे काय?" बरोबरच होतं तिचं. ती शाळेत शिकवते, आणि सकाळी पोळ्या-भाकरीत तिचा पाऊण तास जायचा. पाऊण तास गुणिले तीस, साडेबावीस तास. पोळ्याला येणाऱ्या ताई महिन्याला अडीच हजार घेतात, म्हणजे तासाला एकशे अकराच्या आसपास पडलं. लगेच त्यांना लावलं.

पण इथंच एक मेख आहे बघा. बायकोनं त्या वेळेत स्कॉलरशिपच्या पोरांची बॅच चालू केली, आठवड्यातनं चार दिवस, त्यामुळं पोळ्यांचे पैसे निघून वर उरायला लागले. मी काय केलं? किराणा घरपोच मागवायला लागलो, सोमवारचे दोन तास वाचले आणि ते दोन तास मोबाईलवर रील्स बघण्यात गेले, डिलिव्हरीचे पैसे गेले ते वेगळेच. तेव्हा काम देण्याआधी त्या मोकळ्या वेळेत काय करणार ते लिहून ठेवा, "झोपणार" लिहिलं तरी चालेल, ते पण कामच आहे. पण काहीच लिहिलं नाही तर तो फक्त नवीन खर्च होतोय.

बरं, माणूस न ठेवता पण बरीच कामं जातात. लाइट बिलाचं बघा. महावितरणच्या बिलावर खाली तीन रकमा असतात, अमुक तारखेच्या आत भरलं तर कमी, मुदतीत भरलं तर नेहमीची, आणि उशीर केला तर जास्त. मी कायम तिसरी भरणारा माणूस. आता बिल मोबाईलवरनं जातंय, ऑनलाइन भरल्याची थोडी सूट असतेय ती पण मिळते. फोनची, विम्याची, एसआयपीची रक्कम यूपीआय ऑटोपेला लावून टाकली, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे खात्यातनं आपोआप कटतात. १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता असेल तर दरवेळी पिन टाकावा लागत नाही आणि पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज येतोय, तेव्हा भ्यायचं कारण नाही. फक्त तो मेसेज वाचत जा. मी एका बंद केलेल्या ॲपचे चार महिने पैसे भरत होतो, मेसेज न वाचता.

पोरगा कॉलेजला आहे, त्याला दर दोन दिवसांनी "पप्पा पैसे पाठवा". त्याला आता यूपीआय सर्कल करून दिलंय. ह्यात खातं आपलंच राहतंय, पण दुसऱ्याला त्यातनं पैसे देता येतात. दोन प्रकार आहेत. एकात त्यानं स्कॅन केलं की विनंती आपल्याकडं येते आणि पिन आपण टाकायचा. दुसऱ्यात आपण मर्यादा घालून द्यायची, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००, मग तो विचारायला येत नाही. मी पहिला प्रकार घेतला आणि पस्तावलो, चहाच्या दहा रुपयांना पण माझा मोबाईल वाजायला लागला. मग दुसरा घेतला, मर्यादा दोन हजार. किराणा, आईची औषधं आता तोच आणतोय. घरच्यांपुरतंच ठेवा हे, शॉपमधल्या पोरांना नको.

गल्लीत वाटून घ्यायचा पण एक प्रकार आहे आणि त्याला दमडी लागत नाही. आमच्या गल्लीत पाच घरांची दळणं एका दिवशी एकच जण नेतो, पाळी ठरलेली आहे. पोरं शाळेत सोडायचं पण तसंच. ज्याची पाळी चुकली त्यानं सगळ्यांना मिसळ, हा नियम फार कडक पाळला जातो, म्हणजे मिसळीचा भाग.

आता मुख्य मुद्दा, काम सांगायचं कसं. माझ्याकडं जॉब येतो तेव्हा कोण "एक शाफ्ट करून दे" एवढंच सांगून जात नाही. ड्रॉइंग असतंय, माप असतंय, ते किती इकडं-तिकडं चालेल ते असतंय, कधी कधी नमुन्याचा पीस. हे मला रोज दिसतंय तरी मी घरी काय केलं? दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे दुखायला लागले तर म्हटलं ह्या उन्हाळ्यात चटणी बाहेरनं करून घेऊ. (कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी, चटणी म्हणजे आमचा वर्षाचा कांदा-लसूण मसाला, ती चुकली की वर्ष चुकलं.) ओळखीच्या एका बाईंना फोन केला, "तीन किलो मिरचीची चटणी करून द्या", आणि फोन ठेवला. चटणी आली ती खारट. रंग झकास, पण आमटीत घातली की मीठ घालायची सोय नाही. आई डबा उघडून नुसती वास घेऊन म्हणाली, "ही आपली न्हाई." वर्षभर ती चटणी आणि ते वाक्य दोन्ही खाल्लं. चूक त्या बाईंची नव्हती, वर्षभर टिकायला त्या तेवढं मीठ घालतात. मीच माप दिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ड्रॉइंग काढलं. आईला बसवून विचारलं आणि वहीत लिहिलं: ब्याडगी दोन किलो रंगाला, जवारी एक किलो तिखटाला, खोबरं किती, लसूण किती, तीळ, धने, कांदा कुठवर तळायचा, खडेमीठ किती, तेही डंकावर (मसाला कुटायच्या मशीनवर) जायच्या आधी घालायचं का नंतर. मागची मूठभर चांगली चटणी एका शेजारणीकडं शिल्लक होती ती नमुना म्हणून दिली. आणि एक हुशारी केली, बायकांना आमच्याच घरी बोलावलं आणि आईला खुर्चीवर बसवलं. तिनं काही उचललं नाही, भाजलं नाही, फक्त "अजून लाल होऊ दे" म्हणत बसली. चटणी तिच्या हातची झाली, तिचा हात न लागता.

ड्रॉइंगसोबत किल्ली पण द्यावी लागते. गॅसचं काम मी पोरीवर सोपवलं, नववीत आहे, व्हॉट्सॲपवरनं बुकिंग ती करायची. सिलेंडर दारात आला की कोड मागतात, आणि तो कोड यायचा माझ्या मोबाईलवर. मी लेथवर, हात कोपरापर्यंत ऑइलनं भरलेले, फोन वाजतोय, पोरगी दारात, गाडीवाला हॉर्न मारतोय. सिलेंडर तसाच परत गेला. एजन्सीत जाऊन नंबर बायकोचा करून घेतला आणि विषय संपला. म्हणजे काम देताना विचारायचं की हे पुरं करायला त्या माणसाला माझ्याकडं परत यावं लागणार काय? लागत असेल तर काम दिलेलंच नाही.

पण बँकेचा ओटीपी आणि पिन ह्या किल्ल्या कुणालाच नाहीत, सख्ख्या भावालाही. कोऱ्या कागदावर सही नाही. शॉपच्या पोराकडनं चेक पाठवायचा तर नाव आणि रक्कम घालून, कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून पाठवा म्हणजे तो खात्यातच जमा होतोय. आधार कार्डची झेरॉक्स कुणाकडनं पाठवायची असेल तर मास्क्ड आधार काढा, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

घरी कामाला माणूस ठेवला तर पैशाचं आणि सुट्टीचं पहिल्या दिवशीच बोला. आमच्या ताईंना महिन्याला चार सुट्ट्या आहेत, दिवाळीला एक पगार जादा, आणि आम्ही गावाला गेलो तर पगार कापायचा नाही. राज्यात घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्यानं कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० वयात नोंदणी होते, ती त्यांनी केली का विचारा आणि कामाचा दाखला मागितला तर लगेच द्या. भाव पाडून ठेवलेला माणूस तीन महिन्यांत जातो आणि मग नवीन माणसाला शिकवण्यात सगळा वाचलेला वेळ जातो, म्हणजे हिशोबानं बघितलं तरी परवडत नाही.

पहिला महिना गडबड होणार, तेवढा धीर धरा. आणि मधेच "राहू दे, मीच करतो" म्हणून काम हिसकावून घेऊ नका, एकदा घेतलं की ते परत जात नाही.

माझं एक काम मात्र मी दिलेलं नाही. सकाळी गंगावेशीत म्हशीचं समोर काढलेलं दूध प्यायला जातो. अर्धा तास, म्हणजे माझ्याच भावानं पंच्याहत्तर रुपये, वर दुधाचे वेगळे. बायकोनं हे कालनिर्णयवर लिहून ठेवलंय.

ह्या वर्षीच्या चटणीची तारीख पण त्याच पानावर आईनं घालून घेतली आहे, सोमवारच बघून. खाली पोरीच्या अक्षरात कामांची वाटणी आहे. भाजायला बायका, डंकावर पोरगा, देखरेख आजी. माझ्या नावापुढं लिहिलंय: मिरचीची देठं, तीन किलो, आदल्या रात्री.