शाळा म्हणते पोराचे कपडे 'गँगचे' आहेत, आता काय करायचं? (अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी)

अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमधून दुपारी फोन येतो, तुमच्या मुलाने आज घातलंय ते 'गँग रिलेटेड' आहे, दुसरा शर्ट घेऊन या, किंवा थेट उद्यापासून तीन दिवस सस्पेन्शन. आपल्याकडच्या रिअ‍ॅक्शन दोनच. एक तर "अहो आमचा मुलगा तसा नाहीये, मॅथ्समध्ये ऑनर्सला आहे", नाहीतर सॉरी सॉरी म्हणत समोर येईल त्या कागदावर सही. आपण वाढलो त्या शाळांमध्ये डायरीत शेरा आला की आधी घरी फटके आणि चौकशी झालीच तर नंतर, त्यामुळे शाळेला प्रश्न विचारायची सवयच नाही. पण इथे दोन्ही रिअ‍ॅक्शन चुकीच्या आहेत. शर्ट बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, त्याच्यावरून भांडू नका. भांडायचं ते फाइलमध्ये लिहिल्या जाणाऱ्या 'गँग' या शब्दावरून. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे. मी वकील नाही, प्रकरण एक्स्पल्शनपर्यंत (म्हणजे शाळेतून काढून टाकण्यापर्यंत) गेलं तर वकील गाठाच.

आधी शाळा नक्की काय बघते ते समजून घ्या, कारण आपल्या डोक्यात गँग म्हणजे सिनेमातली. इथे रंग, आकडे आणि चिन्हं यांवर सगळं चालतं. लॉस एंजेलिसकडच्या गँग्समध्ये ब्लड्स म्हणजे लाल आणि क्रिप्स म्हणजे निळा. नॉर्दर्न कॅलिफोर्नियात नॉर्तेन्यो लाल आणि १४, सुरेन्यो निळा आणि १३. शिकागोकडे पाच टोकांची चांदणी गँग्सच्या एका गटाची, सहा टोकांची दुसऱ्या गटाची, टोपी डावीकडे वळवली की एक अर्थ, उजवीकडे वळवली की दुसरा. ठराविक बास्केटबॉल-फुटबॉल टीमच्या जर्सी, रुमाल म्हणजे बँडाना, पट्ट्याच्या बकलवरची अक्षरं, गळ्यात घातलेली जपमाळ, हे सगळं कुठल्या ना कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या यादीत असतं.

आता यात आपली पोरं कुठे अडकू शकतात ते बघा. टीम इंडियाची निळी जर्सी आणि पाठीवर कोहलीचा १८. आपल्याला त्यात कोहली दिसतो, पण १८ हा एटीन्थ स्ट्रीट नावाच्या लॉस एंजेलिसच्या मोठ्या गँगचाही आकडा आहे. गळ्यातला त्रिशूळ. शिकागोकडच्या काही गँग्सचं चिन्ह पिचफोर्क आहे, आणि ज्याने शंकराचं देऊळ कधी पाहिलंच नाही त्या व्हाईस प्रिन्सिपलला दोन्ही सारखंच वाटणार. षट्कोनाचं यंत्र (म्हणजे सहा टोकांची चांदणीच) असलेल्या पेंडंटचीही तीच गत. गणपतीत ढोलपथकातून आलेलं पोरगं डोक्याला भगवा रुमाल तसाच बांधून सोमवारी शाळेत गेलं तर तो तिथे फक्त लालसर बँडाना असतो. आणि स्वस्तिक, त्याचं तर विचारूच नका. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये द्वेषाच्या चिन्हांबद्दलच्या कायद्यात हिंदू, बौद्ध, जैन लोकांचं स्वस्तिक आणि नाझींचं चिन्ह वेगळं आहे हे मान्य केलं, पण शाळेच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या माणसाने तो कायदा वाचलेला असेलच असं नाही. की-चेनवरचं असलं तरी घरीच राहू द्या असं माझं स्पष्ट मत आहे, धर्माभिमान बाजूला ठेवून सांगतोय.

शाळांना हे वेड एकदम लागलेलं नाही. ८० आणि ९० च्या दशकांत गँगच्या हिंसाचाराने खरंच मुलं मेली आहेत, चुकीच्या रंगाचं जॅकेट म्हणूनही. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच डिस्ट्रिक्टने आठवीपर्यंत युनिफॉर्म सक्तीचा केला, १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटनने थेट स्टेट ऑफ द युनियनच्या भाषणात युनिफॉर्मची बाजू घेतली, मग सगळीकडे लाट आली. त्यामुळे प्रिन्सिपल म्हणाला की या भागात लाल घालून बस स्टॉपवर उभं राहणं सेफ नाही तर ते ऐका, त्याला तिथली गल्ली आपल्यापेक्षा जास्त माहिती असते.

फोन आला त्या दिवशी काय करायचं. शर्ट घेऊन जा, आवाज चढवू नका, आणि कुठल्याही कागदावर "मी मान्य करतो" छाप सही करू नका. 'कागद मिळाला' एवढ्यापुरती सही मागत असतील तर सहीच्या शेजारी तसं लिहा, की फक्त मिळाल्याची पोच, मजकूर मान्य नाही. काही शाळा 'गँग कॉन्ट्रॅक्ट' किंवा 'बिहेविअर कॉन्ट्रॅक्ट' पुढे करतात, त्यात एक ओळ असते की विद्यार्थ्याने अमुक गँगशी संबंध तोडावेत. म्हणजे सही केली की संबंध होते हे तुम्हीच कबूल केलं! ती ओळ काढून द्या म्हणावं, मग बघू.

मुलाला "लिहून दे काय झालं ते" असं एकट्याला बसवून सांगतात. त्याला आधीच, आजच, शांत असताना सांगून ठेवा की स्वतःबद्दल खोटं बोलायचं नाही पण आईबाबा आल्याशिवाय काही लिहून द्यायचं नाही, आणि मित्रांची नावं गँग म्हणून तर अजिबात नाही. खोलीत पोलीस असेल (शाळेतल्या पोलिसाला एसआरओ म्हणतात, तो गोड बोलतो, मुलांना टाळ्या देतो, पण तो पोलीसच असतो) तर पोराने एवढंच म्हणायचं, मला आईबाबांशी बोलायचंय, तोपर्यंत मी बोलणार नाही. शाळेला दप्तर तपासायला वॉरंट लागत नाही, सुप्रीम कोर्टाच्या १९८५ च्या टीएलओ केसपासून 'वाजवी संशय' एवढं पुरतं, त्यामुळे दप्तर ओढाओढी करू नये. फोनचा पासवर्ड मात्र आपणहून देऊ नये.

त्याच संध्याकाळी ईमेल करा. फोनवर झालेलं बोलणं हवेत जातं. ईमेल प्रिन्सिपलला, कॉपी काउन्सेलरला, भाषा थंड. मजकूर साधारण असा: आज अमुक वाजता फोन आला, मुलाने हा हा कपडा घातला होता (फोटो जोडा, घरी आल्या आल्या काढून ठेवा), त्याने कपडा लगेच बदलला. मला लेखी हवंय की हँडबुकमधला कुठला नियम मोडला, त्या नियमात 'गँग रिलेटेड' ची व्याख्या काय आहे, हा रंग किंवा चिन्ह कुठल्या गँगचं आहे असं शाळेचं म्हणणं आहे, आणि कपड्याशिवाय माझ्या मुलाबद्दल दुसरा काही पुरावा आहे का. शेवटी, ही माहिती पोलिसांना दिली आहे का. बस, यापेक्षा जास्त नाही. ऑनर्सचे मार्क, स्पेलिंग बी, बाबा कुठल्या कंपनीत मॅनेजर आहेत, यातलं काही लिहू नका, त्याने उलट इम्प्रेशन असं होतं की गरीब घरच्या काळ्या किंवा मेक्सिकन पोराला केलं असतं तर तुम्हाला चाललं असतं. (खरं सांगायचं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना चाललंही असतं.)

व्याख्येचा प्रश्न मुद्दाम विचारायचा, कारण केसेस तिथेच फिरल्या आहेत. आयोवातल्या डॅव्हेनपोर्टमध्ये एका मुलीच्या अंगठ्याजवळ छोटा क्रॉस गोंदलेला होता, ती गँगमध्ये असल्याचा काही पुरावा नव्हता, तरी शाळेने गँगचं चिन्ह म्हणून कारवाई केली, तिने तो लेझरने काढून टाकला आणि मग केस केली. १९९७ मध्ये फेडरल अपील कोर्टाने म्हटलं की नियम इतका मोघम आहे की काय चालतं काय नाही हे मुलांना कळणारच नाही, नियम रद्द. त्याच वर्षी टेक्सासमध्ये न्यू केनीला दोन मुलांनी शर्टावरून जपमाळ घातली म्हणून अडवलं होतं, तिथेही मुलं जिंकली, त्यात धर्माचा मुद्दाही होता. त्रिशूळवाल्यांनी ही केस लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियातल्या सॅन हासिंटोला टीमच्या जर्सींवर बंदी होती, १९९३ मध्ये कोर्टाने एलिमेंटरी आणि मिडल स्कूलसाठी ती उडवली कारण तिथे गँगचा धोका शाळेला दाखवताच आला नाही, हायस्कूलसाठी मात्र ठेवली.

पण फार हवेत जाऊ नका, मुलं हरलीही आहेत. १९८७ मध्ये इलिनॉयमध्ये एका मुलाची कानातल्या डुलाची केस शाळेने जिंकली, १९९५ मध्ये अल्बुकर्कीला खाली ओघळणाऱ्या पँटची केसही. पोराने "माझं फ्री स्पीच" म्हणून नाचायच्या आधी त्याला हे सांगा. सुप्रीम कोर्टाच्या १९६९ च्या टिंकर केसमध्ये काळी पट्टी बांधणारी मुलं जिंकली ती व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काहीतरी म्हणत होती म्हणून, आणि वर्गात काही गोंधळ झाला नव्हता म्हणून. पँट खाली घालून नक्की काय म्हणायचंय हे कोर्टाला पटवावं लागतं. आणि हे सगळं पब्लिक आणि चार्टर शाळांचं. प्रायव्हेट शाळेत हे घटनेतले हक्क चालत नाहीत, तिथे तुम्ही सही केलेलं हँडबुक हाच कायदा.

कॅलिफोर्नियात असाल तर एक हत्यार अजून आहे. तिथला कायदा शाळेला गँगच्या कपड्यांवर बंदी घालायची मुभा देतो, पण तशी बंदी असेल तर शाळेच्या सेफ्टी प्लॅनमध्ये व्याख्या असावीच लागते, आणि ती शाळेच्या सुरक्षेला धोका आहे असं वाजवीपणे म्हणता येईल अशा कपड्यांपुरतीच. तेव्हा तो प्लॅन मागा. वर्षानुवर्षं न उघडलेली फाइल असते बऱ्याच ठिकाणी, मागितल्यावर शाळेचा सूर बदलतो.

सस्पेन्शन दिलंच तर सुप्रीम कोर्टाची १९७५ ची गॉस केस लक्षात ठेवा. दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही शाळेने आरोप काय ते सांगायला हवं, मुलाने नाकारलं तर पुरावा काय ते सांगायला हवं आणि त्याची बाजू ऐकायला हवी. पाच मिनिटांचं बोलणंही यात बसतं, वकील-साक्षीदार नाही, पण 'ऐकूनच घेतलं नाही' असं झालं असेल तर तो तुमचा सगळ्यात सरळ मुद्दा. कॅलिफोर्नियात एका सस्पेन्शनला सलग पाच शाळेचे दिवस ही मर्यादा आहे आणि नुसतं 'विलफुल डिफायन्स' (मुद्दाम ऐकलं नाही) म्हणून सस्पेंड करणं जुलै २०२४ पासून बारावीपर्यंत बंद आहे, म्हणजे 'शर्ट बदलायला नाही म्हणाला' एवढं कारण पुरत नाही. मुलाला आयईपी (डिसॅबिलिटी असलेल्या मुलासाठी शाळेने केलेला खास शिक्षणाचा प्लॅन) असेल तर वेगळे नियम आहेत, दहा दिवसांच्या वर गेलं की ते वागणं डिसॅबिलिटीमुळे होतं का याची मीटिंग घ्यावीच लागते.

आता मुख्य काम, फाइल. प्रकरण मिटलं, पोरगं वर्गात परत गेलं, आपण हुश्श करतो आणि इथेच चुकतो. फर्पा म्हणून १९७४ चा फेडरल कायदा आहे, त्याखाली तुम्हाला मुलाचं पूर्ण रेकॉर्ड बघता येतं आणि शाळेने ४५ दिवसांच्या आत दाखवायला हवं. लेखी मागा, 'ऑल एज्युकेशन रेकॉर्ड्स, डिसिप्लिन रेफरल आणि ईमेल्ससकट' असं. त्यात कुठे 'गँग अफिलिएटेड', 'पॉसिबल गँग' असं सापडलं तर दुरुस्तीचा अर्ज करा. इथे एक बारीक गोष्ट आहे, सस्पेन्शन दिलं तो निर्णय चुकीचा होता असं फर्पाखाली भांडता येत नाही, त्यासाठी डिस्ट्रिक्टचं अपील. पण लिहिलेली माहिती चुकीची किंवा दिशाभूल करणारी आहे असं म्हणता येतं. म्हणून अर्जात एवढंच लिहा की 'लाल टी-शर्ट घातला होता' हे खरं आहे, 'गँग' हा अंदाज आहे आणि त्याला आधार नाही, तो शब्द काढा. शाळेने नकार दिला तर हिअरिंग मागता येतं, त्यातही हरलात तर तुमचं म्हणणं एका पानावर लिहून फाइलला जोडायचा हक्क आहे, आणि ते रेकॉर्ड पुढे जिथे जाईल तिथे ते पानही बरोबर जातं.

इतकं का मागे लागायचं? कारण शाळेतली चिठ्ठी शाळेत राहतेच असं नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर सेंट्रल अमेरिकेतून एकट्याने आलेल्या पोरांना गँगच्या संशयावरून इमिग्रेशनने उचललं, काहींच्या बाबतीत शाळेतून गेलेली माहिती आणि अंगावरचे कपडे हाच आधार होता, शेवटी त्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल जजने सुनावण्या घ्यायला लावल्या. एच-वन-बी वाल्या घरातल्या मुलावर हेच होईल असं मी म्हणत नाहीये, घाबरू नका. पण ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहायचं आणि पोराच्या नावापुढे कोणीतरी अंदाजाने टाकलेला शब्द तसाच ठेवायचा, हे मला तरी पटत नाही. एसआरओने पोलीस म्हणून स्वतःसाठी ठेवलेल्या नोंदी फर्पात येत नाहीत, त्या पोलीस खात्याकडे वेगळ्या मागाव्या लागतात. ईमेलमध्ये तो शेवटचा प्रश्न घातला तो यासाठी.

प्रिन्सिपल हलत नसेल तर डिस्ट्रिक्ट ऑफिस, मग सुपरिटेंडंट, मग स्कूल बोर्ड. बोर्डाच्या मीटिंगमध्ये पब्लिक कॉमेंटला दोन-तीन मिनिटं मिळतात, तिथे मुलाचं नाव न घेता नियमाबद्दल बोला, आणि एकटे जाऊ नका, ज्या आयांच्या पोरांना हे रोज होतं त्यांनाही विचारा. रंग, वंश किंवा देश बघून नियम लावला असं वाटत असेल (तोच लाल हूडी गोऱ्या पोराच्या अंगावर चालतो वगैरे, तारखा लिहून ठेवा) तर फेडरल शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. लगेच न्याय मिळेल अशी अपेक्षा नको, पण मुदत चुकवू नका.

पोराशी बोलायचं राहिलंच. आधी विचारा, कोणाचा आहे हा शर्ट, कोणी दिला, यातलं चिन्ह काय आहे माहितीये का. बहुतेक वेळा उत्तर 'कूल वाटला' एवढंच असतं. पण रोज एकच रंग, नवीन टोपणनाव, वहीभर एकच आकडा, न सांगता आलेले महागडे बूट, आणि शाळेतून एकट्याने घरी यायची भीती असं सगळं एकत्र दिसत असेल तर शाळेशी भांडण बाजूला ठेवून काउन्सेलरकडे जा, आपल्या पोरांना हे होतच नाही या भ्रमात राहू नका.

कॉलेजचं विचाराल तर कॉमन अ‍ॅपने (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच प्रवेशअर्ज) २०२१ पासून शाळेतल्या शिस्तभंगाचा प्रश्न कॉमन भागातून काढलाय, पण एखादं कॉलेज स्वतःच्या फॉर्ममध्ये विचारू शकतं. म्हणून फाइल बारावीच्या आधी साफ करून घ्या, आणि मूल १८ चं झालं की फर्पाचे हक्क त्याच्याकडे जातात, तेव्हा अर्जावर सही त्याचीच लागेल, तुमची चालणार नाही.