नाणं आणि शिलालेख यांची साक्ष कशी तपासावी

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची कीर्ती कोरलेली आहे. त्यात त्याला ‘खखरातवसनिरवसेसकर’ म्हटलं आहे. म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा, नहपान या शक क्षत्रपाचं (क्षत्रप ही शक राजांची पदवी) घराणं संपवणारा. हे खरं का? तपासून पाहू.

आधी बोलतंय कोण ते बघा. लेख राजाची आई गौतमी बलश्री हिचा आहे, तोही नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला. भिक्षूंना लेणं दान देताना ती लेकाचं कौतुक सांगते आहे. म्हणून लेख खोटा ठरत नाही, पण एवढ्यावर निकालही देता येत नाही.

आता दुसरा साक्षीदार शोधा, तो जमला तर वेगळ्या जातीचा असावा. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी गावी नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी 13,000 हून अधिक, त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला!

असं नाणं तिरप्या उजेडात धरून हळूहळू फिरवा. खाली नहपानाचा चेहरा, ग्रीक वळणाची अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला बाण व वज्र, यांतलं काहीतरी पुसट दिसतं. त्यावर गौतमीपुत्राची कमानींची टेकडी आणि उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. वरचा ठसा अर्थातच नंतरचा, म्हणजे कोणामागून कोण आलं हे नाणं स्वतःच सांगतं. नाणं घासून लख्ख करू नका, खालचा ठसा त्यात जाऊ शकतो. आणि साठा फोडू नका. बाजारात सुटं विकलेलं एक नाणं ‘इतक्यांपैकी इतकी’ हा हिशेब सांगू शकत नाही. शेतात असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि इतिहासासाठीही तेच हिताचं.

यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते: रुक्ष मजकूर शोधा. त्याच लेण्यात गौतमीपुत्राचा 18व्या राज्यवर्षातला एक हुकूम आहे. आजवर उसभदाताकडे असलेलं 200 निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं, एवढंच त्यात आहे. उसभदात हा नहपानाचा जावई. दहाव्या लेण्यातल्या त्याच्या लेखात नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, 3,000 कार्षापण (तेव्हाची नाणी) व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. कालपर्यंत इथे दानं देणाऱ्याचं शेत आज दुसराच राजा वाटतो आहे. सत्ता बदलल्याचा याहून सरळ पुरावा कोणता?

वर्षांचे आकडे मात्र जपून वाचा. हे 18 आणि 19 राज्यारोहणापासूनचे आहेत, ते थेट इसवी सनात बसवता येत नाहीत.

शेवटी पुराव्याची हद्द आखा. नहपानाची चांदी आणि त्याच्या जावयाचं शेत गौतमीपुत्राच्या हाती आलं, इतकं सिद्ध होतं. ‘निःशेष’ हा शब्द अजून आईचाच आहे. पुढची गोष्ट ऐकायला गुजरातेतल्या गिरनारला जावं लागतं. तिथल्या शक 72, म्हणजे इ.स. 150 च्या लेखात दुसऱ्या क्षत्रप घराण्यातला रुद्रदामन म्हणतो, दक्षिणापथाच्या (दख्खनच्या) सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून उखडलं नाही. तो दावाही याच पायऱ्यांनी तपासायचा.