फिल्टरच्या पाण्याचा नळ बसवताय? या चुका टाळा

फिल्टरचा नळ गळतोय म्हणून मला बोलावणं येतं, तेव्हा बहुतेक वेळा नळ ठणठणीत असतो. गळत असतो सिंकखालचा जोड, आणि त्यातही पाव इंची नळीचं टोक. नळ निवडण्यात लोक आठवडा घालवतात, दांडी कशी फिरते, चकाकी किती आहे ते निरखतात. नळी कापायची वेळ आली की मात्र हाताला लागेल ती कात्री उचलतात. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहूनच टाकतो.

कात्रीने कापलेली नळी

आधी पुश फिटिंगच्या, म्हणजे नळी नुसती आत ढकलून बसवायच्या जोडाच्या, पोटात काय असतं ते समजून घ्या. तोंडाशी स्टीलचे बारीक दात असलेली कडी असते, ती नळी धरून ठेवते. तिच्या मागे रबरी ओ-रिंग असते, ती पाणी अडवते. नळी दातांत शिरली की हाताला बसल्यासारखी वाटते, ओढली तरी निघत नाही. पण ओ-रिंग ओलांडून तळाला टेकायला तिला आणखी एक दाब द्यावा लागतो. पाव इंची नळी साधारण दीड सेंटिमीटर आत जायला हवी. घाई करणारा पहिल्या अडथळ्याशीच थांबतो, नळ उघडून बघतो, गळत नाही म्हणून कपाट बंद करून मोकळा होतो.

माझ्या मावसभावाने असंच केलं होतं. संध्याकाळी नळ बसवला, दोन तास बघितलं, सगळं कोरडं. सकाळी कपाट उघडलं तर तळाचं प्लायवूड फुगून वर आलेलं आणि पाणी खोलीभर. रात्री कुठेच वापर नसतो, त्यामुळे पाइपातला दाब चढतो. दिवसा कसाबसा तग धरलेला जोड रात्रीच दगा देतो, तो यामुळे.

मी गेलो तेव्हा त्याने जोडावर टेफ्लॉन टेपचे वेटोळे घातले होते. टेप सोडवला, नळी बाहेर काढली आणि टॉर्चसमोर धरली. टोक तिरकं होतं. एक बाजू तळाला टेकली असेल, तर दुसरी दोन मिलिमीटर मागे राहिलेली. कात्रीने दाबल्यामुळे तोंड गोल राहिलं नव्हतं, अंडाकृती झालं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे, नळी आत जाईना म्हणून त्याने ती पकडीने धरून रेटली होती. ओ-रिंग जिथे बसते नेमक्या तिथे नळीच्या लांबीत केसाएवढा ओरखडा होता. नखाने चाचपला तेव्हा कुठे कळला. पाणी त्या चरातून निवांत बाहेर येत होतं. वरून कितीही टेप गुंडाळला असता तरी थांबलं नसतं, कारण अशा फिटिंगमध्ये टेपला काही कामच नसतं.

टोकाकडची दोन सेंटिमीटर नळी कापून टाकली, नवं सरळ टोक केलं, बसवलं. दहा मिनिटांचं काम. फुगलेलं प्लायवूड मात्र बदलावंच लागलं.

माझी सवय अशी: नळी नळी-कटरनेच कापतो, कटर नसेल तर नवं धारदार ब्लेड, खाली लाकडाचा तुकडा, आणि एकाच दाबात काप. टोकाची कुसळं बोटाने तपासतो. टोकापासून दीड सेंटिमीटरवर पेनाने खूण करतो आणि खूण फिटिंगच्या तोंडात जाईपर्यंत नळी ढकलतो. मग एकदा जोरात मागे ओढतो, आणि शेवटी लॉक क्लिप, म्हणजे जोड सुटू नये म्हणून लावायची छोटी चाप. टोक पाण्याने ओलं केलं की नळी सहज जाते, पकड लागत नाही. शिवाय प्रत्येक नळी वीतभर जास्त ठेवतो. पुढे कधी जोड सोडवला तर ओरखडलेलं टोक कापायला नळी हाताशी हवी. कपाटात सगळं ताणून नेटकं दिसावं म्हणून मापात नळी कापणाऱ्यांना माझं हे नेहमीचं सांगणं आहे.

आणि एक, सहा मिलिमीटरची नळी म्हणजे पाव इंची नळी नव्हे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. फरक ०.३५ मिलिमीटरचा, डोळ्याला दिसत नाही, पण ओ-रिंगला पुरेपूर कळतो. नळीवरचं छापील माप वाचल्याशिवाय ती फिटिंगमध्ये घालू नका.

चकाकीवर भुलून घेतलेला नळ

दुसरी चूक निवडीतली, आणि हिचा त्रास गळतीसारखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला ती जास्त खटकते. आरओतून आलेल्या पाण्यातले क्षार निघून गेलेले असतात. असं पाणी धातूच्या बाबतीत भुकेलं असतं. तांब्या-पितळेतून ते साध्या पाण्यापेक्षा सहज धातू उचलतं. पितळ नीट कापलं जावं म्हणून त्यात पूर्वापार थोडं शिसं घालतात. वरचं क्रोम कितीही चकचकीत असो, आतली वाट पितळेचीच असेल तर रात्रभर नळात उभं राहिलेलं पाणी सकाळी तेच घेऊन बाहेर येणार. पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे किती थोडक्यात प्रश्न उभा राहतो ते बघा. शुद्ध पाण्यासाठी एवढा खटाटोप करायचा आणि शेवटच्या वीतभर अंतरात त्यात शिसं मिसळू द्यायचं, हे मला पटत नाही.

म्हणून मी ३०४ किंवा ३१६ दर्जाच्या स्टीलचा नळ घ्या म्हणतो. पितळेचाच आवडला तर खोक्यावर एनएसएफ/एएनएसआय ६१ आणि ३७२ ही पिण्याच्या पाण्याच्या सामानाची अमेरिकी मानकं शोधा. ३७२ म्हणजे पाण्याला लागणाऱ्या भागांत शिशाचं भारित सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्यापेक्षा जास्त नाही. नुसतं ‘शिसेमुक्त’ छापलंय आणि मानकाचं नाव नाही, तर तो नळ परत ठेवा. आणि फिल्टरपासून नळापर्यंत पिण्याच्या पाण्यासाठीची प्लास्टिक नळीच वापरा. उरलेला तांब्याचा पाइप घरात पडून आहे म्हणून तो आरओनंतर जोडू नका. साध्या कार्बन फिल्टरच्या पाण्यात क्षार तसेच राहतात, त्यामुळे तिथे धोका कमी. तरी सकाळी पहिलं पाणी दोन-चार सेकंद सोडून द्यायला काय हरकत आहे?

खोकं उघडण्याआधी खालून निघणाऱ्या नळ्याही मोजा. एक नळी म्हणजे साधा नळ. तीन नळ्या म्हणजे एअर गॅपचा. त्यात आरओचं सांडपाणी नळाच्या बुडातून वर येऊन हवेच्या फटीतून निचऱ्यात पडतं, म्हणजे सिंक तुंबला तरी घाण पाणी उलटं फिल्टरकडे ओढलं जात नाही. कल्पना चांगली, पण त्याला भोक मोठं लागतं, साधारण सव्वा इंचाचं. साध्या नळाला अर्धा इंच पुरतं. न बघता आणला की भोक पाडून झाल्यावर कपाळाला हात.

काही फिल्टरना पुढून पाणी अडवलेलं चालत नाही, त्यांचा नळ वेगळा असतो. फिल्टरच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. वाचा.

भोक पाडण्याची घाई

ड्रिल हातात आलं की माणसाला थांबवत नाही. आधी खाली वाका. भोकाच्या खाली सिंकची क्लिप येते का, कपाटाची भिंत येते का, सिंकच्या भांड्यामागे पाना फिरवायला जागा आहे का ते बघा. नळाची मान त्या जागी धरून पाणी सिंकच्या आत पडेल ना, खाली उंच बाटली राहील ना, तेही पाहा. दगडी ओटा जाड असेल तर नळाच्या आट्यांची लांबी मोजा. आटे दगडातच संपले तर नट कुठे लावणार?

स्टीलच्या सिंकला आधी पंचने खूण, मग पायऱ्यांचं बिट, कमी वेग, थेंबभर तेल. दगडाला हिऱ्याचं कोअर बिट आणि पाणी. हातोडी-मोड पूर्ण बंद. मी भोकाभोवती पुट्टीचं छोटं आळं करतो आणि त्यात पाणी भरून ड्रिल चालवतो. पांढरं दुधासारखं पाणी फिरत राहतं, बिट थंड राहतं. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर राहिले की जोर काढून घ्या, नाहीतर खालच्या कडेचा टवका उडतो.

थोडक्यात संपणाऱ्या चुका

गरम पाण्याच्या लाइनवर फिल्टर जोडू नका. आरओच्या मेम्ब्रेनची, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्याची, मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सिअस असते.

टेफ्लॉन टेप फक्त निमुळत्या आट्यांवर. पुश फिटिंग किंवा फेरूलच्या (नटाखाली नळीवर आवळली जाणारी कडी) जोडावर नाही. प्लास्टिकच्या नळीला पितळेची फेरूल लावू नका, ती नळी कापते. प्लास्टिकची लावा आणि नळीत आतली बारीक नळकांडी घालायला विसरू नका.

नट हाताने घट्ट करा, मग पान्याने अर्धा फेरा. प्लास्टिकच्या आट्यांवर ताकद दाखवली की आज नाही तर महिन्याने तडा जातो.

फिल्टरच्या आधी स्वतंत्र कॉक हवाच, आणि तो कपाटातलं सामान न काढता हाताला लागला पाहिजे.

नळ चालू झाला, पण...

पाणी काळं येतंय? नव्या कार्बनची भुकटी आहे. कार्ट्रिज लावल्यावर मी नळ जोडण्याआधीच नळी बादलीत सोडून पाणी स्वच्छ होईपर्यंत वाहू देतो. नाहीतर ती भुकटी नळाच्या सिरॅमिक चकतीत अडकते आणि नवा नळ पहिल्याच दिवशी ठिबकायला लागतो. आरओ असेल तर पहिली टाकी पूर्ण भरू द्या आणि पूर्ण ओतून टाका. ‘एवढं पाणी वाया?’ असं विचारणारे भेटतात. मेम्ब्रेन टिकावं म्हणून त्यावर लावलेला द्रव पोटात जाण्यापेक्षा ते बरं.

पाणी दुधाळ दिसतंय? ग्लास ठेवून बघा. खालून वर स्वच्छ होत गेलं तर हवेचे बुडबुडे आहेत, काही दिवसांत जातात.

धार जोरात सुरू होऊन लगेच मरते? नळाला दोष देऊ नका. टाकी रिकामी करून हवेचा दाब मोजा, तो ७ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास हवा. टाकी भरतच नसेल तर येणाऱ्या पाण्याचा दाब बघा; ४० पीएसआयच्या खाली असेल तर बहुतेक आरओंना पंप लागतो.

एअर गॅपच्या नळातून गुडगुड आवाज येत असेल तर सांडपाण्याच्या नळीत पोट पडलंय, ती उताराने सरळ करा. बुडाच्या भोकातून पाणीच येत असेल तर निचरा तुंबलाय.

सगळं झालं की मी प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळतो आणि कपाटात कोरडा कागद पसरतो. कागदावरचा एक थेंबही लपत नाही. पट्ट्या तीन रात्री तशाच राहतात, आणि तोवर सामान कपाटात परत ठेवू देत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.