अंगणात टर्फ कोर्ट घालताय? या चुका टाळा

टर्फ म्हणजे कृत्रिम गवत. टर्फ कोर्टाच्या तक्रारी दिसतात वर: मधोमध पाणी साचतं, जोड उकलतात, एका कोपऱ्यात बॉल उसळतच नाही. कारण मात्र बहुधा गवताच्या वीतभर खाली असतं. गावाकडच्या घरी तर जास्तच, कारण तिथे कोर्ट थेट मातीवर बसतं आणि आजूबाजूच्या रानाचं पाणी वाट मिळेल तिकडे धावतं.

माझ्याच कोर्टावर पहिल्या मोठ्या पावसानंतर नेटजवळ डबकं झालं. आधी वाटलं, उतार चुकला. कड उचलून पाहिली तर खडीवर बोटभर जाडीचा चिकट गाळ. वरच्या अंगाच्या शेतातलं गढूळ पाणी कडेने आत शिरलं होतं. टर्फच्या पाठीला पाणी झिरपायला छिद्रं असतात, पण खालची खडीच बुजली तर ती छिद्रं काय करणार? तेवढा भाग उचलून खडी बदलावी लागली. वरच्या बाजूला आडवा चर खणून त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप घातला, कडेचा कर्ब (काठाची बांधणी) जमिनीपासून चार बोटं वर घेतला. हे आधी केलं असतं तर एका दिवसाचं काम होतं.

उतार द्यायचाच, पण एकाच दिशेने आणि मीटरला साधारण 1 सेंमी. म्हणजे 10 मीटर रुंदीच्या कोर्टाची एक कड दुसरीपेक्षा 10 सेंमी खाली. ऐकायला जास्त वाटतं, खेळताना कळतही नाही. हे मोजायला डोळा पुरत नाही. दोरी आणि लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाणी भरलेली नळी) घ्या.

आता माती. मुळं, पालापाचोळा असलेला वरचा थर पूर्ण काढा. तो कुजला की जमीन बसते. काळी माती सर्वांत वाईट: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि वरचं सगळं सोबत हलवते. उतारावर अर्धी जागा खणून निघालेली माती दुसऱ्या अर्ध्यात भरली, तर काही महिन्यांनी खणलेल्या आणि भरलेल्या भागाच्या हद्दीवर हमखास खाच पडते. अशा भरावाला घाई चालत नाही. पातळ थर, थोडं पाणी, रोलर, मग पुढचा थर. रोलर पोचत नाही त्या कोपऱ्यात धुमस (माती ठोकायचं जड अवजार). माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) हवंच, नाहीतर खडी हळूहळू मातीत रुतत जाते. खडीचा थर 15 ते 20 सेंमी आणि वर समतल करण्यापुरती दगडाची कच. खोलगट जागा कच ओतून भरायचा मोह होतो, पण जाड थरातली बारीक भुकटी पाणी धरून ठेवते. खळगा खडीनेच भरा.

टर्फ अंथरण्याआधी 3 मीटरची सरळ पट्टी सगळीकडे फिरवा. खाली 5-6 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथेच थांबा. मग नळीने भरपूर पाणी सोडून अर्ध्या तासाने कुठे साचलंय ते बघा. टर्फ सगळं झाकून टाकतो हा गैरसमज आहे. तो प्रत्येक खड्ड्याचा आकार इमानदारीने घेतो. नेटच्या खांबांचे पाये आणि दिव्यांच्या वायरींसाठी मोकळे पाइपसुद्धा याच वेळी. नंतर कोर्ट कापायला जिवावर येतं.

मापातही फसगत होते. टेनिसच्या रेघा 23.77 बाय 10.97 मीटरच्या, म्हणून तेवढीच जागा तयार करतात. धावायला जागा धरून 36.57 बाय 18.29 मीटर लागते. तेवढी नसेल तर दुसरा खेळ निवडा. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य डोळ्यांत येणार नाही.

गवत निवडताना हात फिरवून मऊ वाटलं की घेतलं, असं होतं. फुटबॉलच्या टर्फची पाती 40 ते 60 मिमी असतात, टेनिससारख्या खेळाला 12 ते 20 मिमी लागतात. उंच पात्यांत टेनिसचा बॉल नुसता धप्प होतो.

पात्यांमध्ये भरायच्या वाळूत काटकसर ही माझ्या मते दुसरी मोठी चूक, पाण्याच्या खालोखाल. वाळूच पाती उभी धरते आणि टर्फला जागेवर दाबून ठेवते. 1 चौरस मीटरवर 1 मिमी थराला सुमारे दीड किलो. 15 मिमी भरायची तर साडेबावीस किलो. 200 चौरस मीटरच्या कोर्टाला साडेचार टन! आकडा ऐकून लोक निम्मीच मागवतात आणि वर्षभरात पाती आडवी झाली म्हणून रडतात. वाळू धुतलेली, वाळलेली, गोल कणांची सिलिका हवी. समुद्राची खारट किंवा मातकट वाळू नको. एकदम ओतू नका. थोडी पसरा, पात्यांच्या कलाविरुद्ध ब्रश फिरवा, पुन्हा पसरा.

सगळ्या रोलची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर तिरप्या उन्हात कोर्ट दोन रंगांचं दिसतं. जोडाच्या कडा एकमेकींवर चढू नयेत आणि जोडाखालच्या ओल्या टेपवर अ‍ॅडहेसिव्ह लावू नये. जोड उकलला तर वरून गोंद सोडून भागत नाही. जुना थर खरवडून टेप बदलावी लागते.

दुपारच्या कडक उन्हात टर्फ 60 अंशांच्या वर तापू शकतो, अनवाणी मुलं सोडू नका. घराच्या काचेवरून परावर्तित होणारं ऊन एकाच जागी पडत असेल तर तिथली पाती वितळतात. तेव्हा दोष टर्फमध्ये शोधू नका, खिडकीला जाळी लावा. झाडाखाली कोर्ट असेल तर पानं रोजच्या रोज झाडा. ती कुजून वाळूत मिसळली की शेवाळ धरतं.

उरलेले तुकडे फेकू नका. त्यातला एखादा कोर्टाशेजारी उन्हातच पडू द्या. पुढे ठिगळ लावायची वेळ आली तर कोर्टासोबत विटलेला तुकडाच रंगाला जुळतो.