हॉलो-बॉडी गिटारचा फीडबॅक आवरायचा कसा?

गाण्यात दोन मात्रांची शांतता आहे, तुम्ही हात तारांवरून उचलता आणि नेमकी तेव्हाच गिटार स्वतःहून ‘हूऽऽऽ’ करत घुमायला लागते. हाच फीडबॅक. हॉलो (पोकळ पोटाची) किंवा सेमी-हॉलो (अर्धपोकळ) इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. बरेच जण घाबरून आवाज कमी करतात, नाहीतर गिटारच बदलायच्या गोष्टी करतात. दोन्हींची गरज बहुतेक वेळा पडत नाही. आधी घुमतंय नक्की काय ते शोधायचं, मग तेवढ्यापुरता इलाज करायचा.

घडतं ते असं. अँपचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीचा, आवाज हवेतून गिटारवर आदळतो. पोकळ गिटारचा वरचा भाग, म्हणजे टॉप, पातळ असतो, तो थरथरतो. त्यावर टेकलेला ब्रिज (तारांना आधार देणारी घोडी) हलतो, ब्रिजमुळे तारा हलतात, पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) ते टिपतो आणि पुन्हा अँपकडे पाठवतो. एखाद्या सुराला ही फेरी दर वेळी आधीपेक्षा जोरात होऊ लागली, की तो सूर फुगतच जातो. ही साखळी कुठल्याही एका कडीपाशी कमजोर केली तरी काम होतं.

ही तक्रार इलेक्ट्रिक गिटारइतकीच जुनी आहे. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार १९३६ साली आली, ती पूर्ण पोकळ होती. गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या सुमारास भरीव लाकडाच्या ओंडक्यावर पिकअप बसवून पाहिले ते याच कटकटीतून सुटण्यासाठी. १९५८ मध्ये आलेल्या गिब्सनच्याच ईएस-३३५ च्या पोटात मधोमध मेपलचा ठोकळा आहे, तोही टॉप कमी थरथरावा म्हणून. म्हणजे सेमी-हॉलो हाच मुळात फीडबॅकवरचा एक उपाय आहे.

पहिली पायरी: गुन्हेगार ओळखा

यावर घाई करू नका, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. गिटार गळ्यात घ्या, अँपचा आवाज हळूहळू वाढवा आणि जेमतेम घुमायला लागेल तिथे थांबा. आता एका हाताने सगळ्या तारा घट्ट दाबून धरा. आवाज तत्काळ मेला तर तारा आणि टॉप मिळून घुमताहेत. तारा मोकळ्या सोडून दुसरा तळवा टॉपवर, ब्रिजच्या बाजूला ठेवा. आवाज खाली बसला तर मुख्य दोष टॉपचा. मग तळव्याने एक एफ-होल (टॉपवरचं ‘f’ आकाराचं छिद्र) झाका, नंतर दुसरं. त्याने फरक पडला तर पोटातली हवा घुमते आहे. तारा पूर्ण दाबूनही बारीक, कानात घुसणारी शिट्टी चालूच राहिली, तर पिकअपच मायक्रोफोनसारखा वागतोय. त्याचा इलाज पूर्ण वेगळा.

घुमणारा सूर ट्यूनरवर बघून लिहून ठेवा. पोकळ गिटारींचा जाड घुमारा साधारण १०० ते २५० हर्ट्झच्या टापूत असतो. मोकळी ए तार ११० हर्ट्झची, त्यावरून अंदाज येईल.

दुसरी पायरी: जागा आणि अँप

यात खर्च शून्य. अँपच्या तोंडासमोर उभं राहू नका, बाजूला सरका आणि थोडं वळा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; लहान खोलीत भिंतींमुळे इतका फायदा होत नाही. अँप कोपऱ्यात ठेवला तर खर्जाचा आवाज फुगतो, म्हणून तो भिंतीपासून पुढे घ्या आणि जमिनीवरून उचलून स्टँडवर ठेवा. पायाशी मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) असेल तर त्यातून तुमच्या गिटारचा आवाज कमी करून घ्या. पुष्कळदा दोष अँपला देतात आणि घुमवत असतो तो मॉनिटर.

मग अँपचा गेन (आत येणारा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) उतरवा. कंप्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं उपकरण) वापरत असाल तर त्याकडे खास लक्ष द्या: तो हळू आवाजाला वर उचलतो, म्हणून फीडबॅक नेमका शांततेत येतो. तो बंद करून बघा, निम्मा त्रास तिथेच संपू शकतो.

बेसचं बटण सरसकट उतरवलं तर गिटारचा भरदारपणा जातो. पॅरामेट्रिक ईक्यू (हवा तो हर्ट्झचा पट्टा निवडून कमी-जास्त करता येणारं उपकरण) असेल तर असं करा: आवाज हळू ठेवून एक अरुंद पट्टा थोडा वाढवा आणि तो १०० हर्ट्झपासून सावकाश वर न्या. जिथे गिटार लगेच घुमते, तिथे तोच पट्टा ३ ते ६ डेसिबल कापा. एवढं पुरतं.

तिसरी पायरी: एफ-होल बुजवणं

हवा घुमत असेल तर याला तोड नाही. एफ-होलवर कागद ठेवून पेन्सिलीने आकार उतरवा, तो मऊ फोमवर आखा आणि चहूबाजूंनी २ ते ३ मिलिमीटर मोठा कापा. फोम किंचित दाबून बसवा. तो आत पडू नये म्हणून मागे दोरा बांधून टोक बाहेर ठेवा. आधी एकच छिद्र बंद करून ऐका, कधी कधी तेवढंच पुरतं. मध्ये अखंड ठोकळा असलेल्या गिटारीत मात्र दोन्ही बाजूंच्या पोकळ्या वेगळ्या असतात, तिथे दोन्ही छिद्रं स्वतंत्रपणे तपासा.

जुन्या गिटारींवरच्या नायट्रो लॅकर या वार्निशवर रबर, व्हिनाइल किंवा चिकटपट्टी चुकूनही लावून ठेवू नका, फिनिश खराब होतं. फोमभोवती सुती कापड गुंडाळा आणि वाजवून झालं की काढून ठेवा.

ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग तर गिटारच्या आत कापड कोंबायचे. १९८० मध्ये गिब्सनने त्यांच्यासाठी काढलेल्या ‘ल्युसिल’ला एफ-होलच नव्हती. पण कोंबताना हात आखडता ठेवा. मी एकदा गिटारचं अख्खं पोट फोमने भरलं होतं. फीडबॅक गेला, आणि ज्या उबदार, श्वास घेणाऱ्या आवाजासाठी ती गिटार घेतली होती तोही गेला. निम्मा फोम काढला तेव्हा ती पुन्हा बोलायला लागली.

चौथी पायरी: तारा, ब्रिज, टेलपीस

ट्रॅपीझ टेलपीस (ब्रिजच्या मागे तारांची टोकं अडकवायची लांब पट्टी) असेल तर ब्रिजमागच्या तारा हलक्या छेडून बघा. त्या घंटीसारख्या वाजत असतील तर त्यांच्यात फेल्टची किंवा चामड्याची अरुंद पट्टी वर-खाली विणून घाला. पिकगार्डचे (टॉपला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीचे) आणि तारा ताणायच्या खुंट्यांचे सैल स्क्रू आवळा. जाड तारांनी आणि फ्लॅट-वाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांनीही मदत होते, मात्र तारांचा ताण बदलला की नेक पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

टॉप फारच नाचत असेल तर ब्रिजखाली टॉप आणि पाठ यांच्यामध्ये लाकडाची लहानशी दांडी बसवता येते, व्हायोलिनच्या पोटात असते तशी. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या आणि दांडी चिकटवू देऊ नका, म्हणजे पसंत पडलं नाही तर काढता येईल.

पाचवी पायरी: शिट्टी पिकअपची असेल तर

पिकअपवर नखाने टिचकी मारा. अँपमधून ठणठणीत आवाज आला तर आतली तार किंवा वरचं झाकण सैल आहे. आधी पिकअपखाली फोमचा तुकडा देऊन बघा. नाही भागलं तर पिकअप मेणात बुडवून घ्यावा लागतो: साधारण ६५ अंश सेल्सिअसला वितळवलेलं पॅराफिन, त्यात थोडं मधमाश्यांचं मेण. जास्त तापलं तर आतलं प्लास्टिक वाकतं आणि मेण पेटही घेतं, त्यामुळे हे काम सवय असलेल्या माणसाकडे सोपवा.

आणि हात

न वाजणाऱ्या तारांवर उजवा तळवा किंवा डाव्या हाताची बोटं कायम टेकलेली असू द्या. शांततेच्या जागी करंगळीने व्हॉल्यूम उतरवायची सवय लावून घ्या. आठवडाभरात ती अंगवळणी पडते.

साउंडचेकमध्ये, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीत, शेवटी एवढं कराच: बँडचा आवाज पूर्ण असताना तारा मोकळ्या सोडा आणि दहापर्यंत मोजा. गिटार घुमली नाही तर जिथे उभे आहात तिथे जमिनीवर टेपची खूण करा आणि अँपच्या बटणांचा एक फोटो काढून ठेवा.