सातपुड्यातील रोपांचा शेजार कसा नोंदवावा

यावल अभयारण्यालगतच्या पानगळीच्या रानात, वनविभागाची परवानगी घेऊन, पावसाळा सरताच १० मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दोरीने आखावा. बोर-करवंदांच्या काटेरी जाळ्या आधी तपासाव्यात, कारण गुरांच्या तोंडातून बचावलेली अंजन-धावडा या झाडांची रोपे अनेकदा तिथेच सापडतात आणि खानदेशच्या कडक उन्हाळ्यात जाळीचीच सावली त्यांच्या मुळांशी ओल टिकवते. प्रत्येक रोपाची उंची व जाळीपासूनचे अंतर लिहावे. मोठ्या झाडांच्या खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजावा. नोंद दरवर्षी त्याच महिन्यात करावी, कारण रोप वाढले की आसरा देणारी जाळीच पाण्यासाठी त्याची स्पर्धक ठरू शकते आणि पुढे झाडाच्या दाट सावलीत तीच खुरटते. वाळलेली जाळी कृपया उपटू नये. तिचीही नोंद तितकीच मोलाची आहे.